उत्तर कोणत्या प्रश्नाचं?

जिल्हा कोर्टात मी 31 वर्षं स्टेनो होते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब मजकूर सांगतात, आम्ही टाइप करतो. तासाभराच्या उलटतपासणीची दोन पानं होतात. अडखळणं, पाल्हाळ, रडणं सगळं गळतं, तरी जबानी खरी राहते. एकदा माझ्या हातून एका साक्षीदाराचं ‘हो’ चुकीच्या प्रश्नाखाली गेलं. दुकानात होता का, याला तो ‘हो’ म्हणाला होता. कागदावर त्याने मारहाण पाहिली असं झालं. जबानी वाचून दाखवताना त्यानेच थांबवलं, म्हणून निभावलं.

खऱ्या माणसांवरचे, बोलण्यावरच चालणारे चित्रपट मी तेव्हापासून याच कानांनी ऐकते. रॉन हॉवर्ड यांचा ‘फ्रॉस्ट/निक्सन’ (2008) मला फार आवडतो. विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी झाकण्याच्या वॉटरगेट प्रकरणामुळे 1974 साली अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलेले रिचर्ड निक्सन 1977 मध्ये ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांच्यासमोर बसले. चित्रीकरण 28 तासांहून जास्त झालं. चित्रपट दोन तासांचा. गाळणं आलंच. त्यातला निक्सन दारूच्या अंमलात रात्री फ्रॉस्टला फोन करतो, तो प्रसंग तर लेखक पीटर मॉर्गन यांनी मनाने रचलेला. फ्रँक लँजेला त्या फोनवर ज्या आवाजात बोलतात, त्यात आयुष्यभराची हेटाळणी ऐकू येते. तिथे निक्सन यांच्या नावावर कुठलीही कबुली चढत नाही. मला तो फोन मान्य आहे.

मान्य नाही ते पुढचं. राष्ट्राध्यक्षाने एखादी गोष्ट केली की ती बेकायदा ठरत नाही, असं निक्सन खरोखर म्हणाले होते. पण तेव्हा विषय होता युद्धविरोधकांवर पाळत ठेवण्याच्या, त्यासाठी घरफोडीसुद्धा करण्याच्या योजनेचा. चित्रपटाने ते उत्तर उचलून वॉटरगेटच्या ऐन उलटतपासणीत ठेवलं, आणि त्याचाच धागा पकडून फ्रॉस्ट गुन्हा कबूल करा म्हणतो. प्रत्यक्षात वॉटरगेटबद्दल निक्सन यांनी चुका मान्य केल्या, लोकांची निराशा केली हेही मान्य केलं. बेकायदा झाकपाक केल्याचं मात्र साफ नाकारलं. माझ्या लेखी ही जबानी बदलणं आहे, आणि इतक्या सुंदर चित्रपटात ते झालं याचं मला वाईट वाटतं.

चित्रपट जरूर पाहा. मूळ मुलाखतही डीव्हीडीवर निघाली आहे, तीही मिळवा. ऐकताना वही घेऊन बसा, आणि निक्सन यांच्या उत्तराआधी फ्रॉस्ट यांचा प्रश्न लिहून घ्या.