ध्वनिमिश्रण, वाद्यवृंदसंगीताचे
ध्वनिमिश्रण, वाद्यवृंदसंगीताचे : वाद्यवृंदातील निरनिराळ्या वाद्यांचे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले ध्वनी एकत्र आणून, एकाच जागी व एकाच वेळी वाजणाऱ्या वृंदाचा प्रत्यय देणारी ध्वनिप्रत तयार करण्याच्या प्रक्रियेस हे नाव आहे. या प्रक्रियेत ध्वनीची तीव्रता, कंप्रता-रचना, दिशा व निनाद यांत हेतुपुरस्सर बदल घडविणाऱ्या साधनांना ध्वनिसंस्कारक म्हणता येईल. पूर्वी ही साधने स्वतंत्र विद्युत् उपकरणांच्या रूपात असत. सांप्रत ती बहुधा संगणकातील ध्वनिमुद्रण-आज्ञावलीस जोडावयाच्या लहान आज्ञावलींच्या रूपात असतात व त्यांना ‘प्लगइन’ म्हणतात. हँबर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ मध्ये अशा जोडणीची ‘व्हीएसटी’ ही पद्धती प्रचारात आणल्यावर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

पार्श्वभूमी : वाद्यवृंदातील समतोल मुळात वादक, संचालक व सभागृह यांच्याकडून साधला जातो. सभागृहाच्या भिंती, छत इत्यादींवरून वारंवार परावर्तित झालेला ध्वनी मूळ ध्वनीत मिसळून हळूहळू विरत जातो. यास निनाद म्हणतात. ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने घटण्यास लागणारा काळ हा निनादकाल होय. अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सेबाइन (१८६८–१९१९) यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या सल्ल्याने बांधलेल्या व १९०० मध्ये खुल्या झालेल्या बॉस्टन सिंफनी हॉलचा निनादकाल श्रोत्यांसह सु. १.९ सेकंद आहे. कृत्रिम निनादासाठी आरंभी रिकाम्या खोल्या व १९५७ पासून टांगलेले पोलादी पत्रे वापरीत. १९६१-६२ च्या सुमारास मानफ्रेट श्रोडर यांनी संगणकीय निनादाचा पाया घातला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठ्या वाद्यवृंदाची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यास दृढ झाली. तीत अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), सेबॅस्टियन डिसूझा यांसारख्या गोमंतकीय संगीतसंयोजकांचा वाटा मोठा होता. त्या काळी गायक व वादक एकाच दालनात बसत आणि मिश्रण वादन चालू असतानाच होई. पुढे अनेकपट्टी मुद्रण व नंतर संगणक आल्यावर वादक वेगवेगळ्या वेळी वाजवू लागले. पुष्कळदा वादकांची जागा आधी मुद्रित केलेल्या सुट्या स्वरांच्या नमुनासंचांनी घेतली. यात दालन हरवले. ते परत मिळवून देणे हे ध्वनिसंस्कारकांचे प्रमुख कार्य ठरले.

निवडीची तत्त्वे : वाद्यवृंदासाठी पुष्कळ संस्कारक लागत नाहीत. निनादक, समकारक व संपीडक हे तीन पुरेसे असून ते बहुतेक ध्वनिमुद्रण-आज्ञावलींत मुळातच असतात.

निनादक दोन प्रकारचे आहेत. एकात प्रत्यक्ष सभागृहात मोजलेला ध्वनिप्रतिसाद वापरतात. तो वास्तव वाटतो, पण संगणकावर त्याचा भार अधिक पडतो. दुसऱ्यात निनाद गणिताने रचतात. त्यात फेरबदल करणे सुलभ असते. कोणताही निवडला, तरी सर्व वाद्ये एकाच निनादकात, परंतु कमीअधिक प्रमाणात पाठविणे इष्ट असते; प्रत्येक वाद्यास वेगळे सभागृह दिल्यास वृंद विखुरतो. पुढे बसणाऱ्या तंतुवाद्यांना निनाद कमी व मागील पितळी वाद्ये, नगारे यांना अधिक ठेवतात. ध्वनी सेकंदास सु. ३४० मी. जातो, म्हणून १० मी. मागे असलेल्या वाद्याचा ध्वनी सु. ०.०३ सेकंद उशिरा येतो व तेवढा विलंब देता येतो. नमुनासंच मुळातच सभागृहात मुद्रित केलेला असेल, तर त्यावर पुन्हा दीर्घ निनाद चढवू नये.

समकारकाने विशिष्ट कंप्रतांचा जोर कमीअधिक करतात. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर सु. १९६ हर्ट्झ असल्याने त्याच्या बऱ्याच खालची घरघर काढून टाकता येते. संपीडक मोठ्या व लहान आवाजांतील अंतर घटवितो. वृंदाच्या मंदतम व तीव्रतम वादनांतील अंतर ६० डेसिबेलच्या आसपास असू शकते आणि तोच या संगीताचा प्राण असल्याने संपीडक जपून वापरावा लागतो. शक्य तेथे पातळी हाताने कमीअधिक करणे चांगले. दोन संस्कारकांची तुलना करताना त्यांचा आवाज प्रथम समान करावा, कारण कानास मोठा आवाज अधिक चांगला वाटतो.

ग्रामीण परिसरातील उपयोजन : संगणकामुळे हे काम महानगराबाहेरही शक्य झाले आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. तेथील लहान खोलीत मिश्रण करणाऱ्यास पहिली अडचण खोलीचीच येते. ३.५ मी. लांबीच्या खोलीत सु. ४९ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी काही जागी फुगतो, तर काही जागी दबतो. त्यामुळे डबल बासची पातळी चुकते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावरील आवाजाने सूक्ष्म निनाद ऐकूच येत नाही. हे दोष नव्या संस्कारकाच्या खरेदीने जात नाहीत; गाद्या, पुस्तकांची कपाटे, बसण्याची जागा बदलणे व चांगला कर्णध्वनिक्षेपक यांनी ते कमी होतात.

दुसरा प्रश्न संगीताचा आहे. या परिसरातील वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इ. समाजांचे नृत्यसंगीत मुख्यत्वे उघड्यावर होते. कड्यापासून १७० मी. वर मारलेली हाक एका सेकंदाने प्रतिध्वनी म्हणून परत येते; परंतु खळ्यात वा अंगणात सभागृहासारखा निनाद नसतो. वारल्यांचा तारपा वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा यांचा असून नर्तक त्याच्या वादकाभोवती फेर धरतात. वादक श्वास न तोडता फुंकत असल्याने त्यात विराम नसतात. अशा अखंड ध्वनीवर दीर्घ निनाद चढविला, तर स्वर एकमेकांत मिसळून लय पुसट होते. मुळीच न चढविल्यास तारपा वृंदाबाहेरून चिकटविल्यासारखा वाटतो. त्यासाठी तारप्यास त्याच सभागृहातील अल्प, आखूड निनाद देतात किंवा उलट वृंदाचाच निनाद कमी करून त्यास अंगणाजवळ आणतात. पहिल्या मार्गात तारपा सभागृहाचा पाहुणा होतो, दुसऱ्यात वृंद अंगणाचा. यांपैकी कोणता मार्ग घ्यावयाचा हे उपकरण ठरवू शकत नाही. संगीत कोणत्या जागेचे आहे, याचा निर्णय आधी व्हावा लागतो आणि संस्कारकाची निवड त्यानंतर येते.