जुन्या फोटोतल्या बायका आणि आपल्या कल्याणच्या आनंदीबाई

आज मोबाइलवर दिवसाला पन्नास फोटो निघतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र त्यासाठी स्टुडिओत जावं लागे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी नक्षीची खुर्ची, आणि फोटोग्राफर सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही!

त्या फोटोंत कोण कुठे आहे ते नीट बघा. बऱ्याचदा नवरा खुर्चीत बसलेला आणि बायको पदर सावरून बाजूला उभी. घरात मान कोणाचा, हे त्यावरून लगेच कळतं. परक्या पुरुषासमोर बसून फोटो काढणं तर अनेक घरांत चालतच नसे. म्हणूनच राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबाद संस्थानात खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो सांभाळायला एक इंग्रज बाई नेमली.

आता त्याच्या सात वर्षं आधीचा एक फोटो पाहू. तारीख १० ऑक्टोबर १८८५, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी: डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियातल्या दमास्कसच्या साबात इस्लाम्बुली. तेव्हा दमास्कस तुर्की ऑटोमन साम्राज्यात होतं, बाल्कनमधल्या बऱ्याच मुलखासारखंच.

मोहन्याहून रिक्षाने ज्या कल्याणला आपण जातो, तिथल्या जोशी कुटुंबातली ही यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नाव आनंदी झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांतच गेलं. १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून बोटीने एकटी, म्हणजे घरचं कोणीही सोबत नसताना, निघाली.

मला या फोटोत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शेजारी नवरा नाही, वडील नाहीत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. साहेबी झगा कोणीच घातलेला नाही. (शिकायला परदेशी गेलं की वेश बदलतो, असं म्हणणाऱ्यांना हा फोटो दाखवावा.) खाली तिघींच्याही नावाआधी ‘डॉ.’ आहे, अमक्याची पत्नी असं नाही. खरं तर आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, म्हणजे फोटोनंतर पाच महिन्यांनी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात क्षयाने गेल्या, वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

घरी पणजीचा फोटो असेल तर तिला कुठे उभं केलंय ते बघा. मागच्या बाजूला कोणाचं नाव लिहिलंय तेही वहीत टिपून आणा.