आर पॅकेजच्या चाचण्या: नमुना डेटा छोटाच का?

आता हे बघा. आरसोबत ‘एअरक्वालिटी’ नावाचा डेटा येतो. न्यूयॉर्कच्या हवेच्या, १९७३ सालातल्या १५३ दिवसांच्या नोंदी. त्यात ३७ दिवसांचा ओझोनचा आकडाच नाही. समजा, तुमच्या पॅकेजमधल्या फंक्शनने त्या रिकाम्या जागा शून्य धरल्या. सरासरी ४२ ऐवजी ३२ येणार, आणि एरर? काहीच नाही!

मग चूक पकडायची कशी? टेस्टदॅटच्या फोल्डरमध्ये तीनच नोंदी ठेवा: २, ४ आणि एक रिकामी. उत्तर तोंडी निघतं, ३. शून्य धरलं तर २ येईल, चाचणी तिथेच नापास.

फक्त एक सांभाळा. फंक्शननेच दिलेलं उत्तर ‘अपेक्षित’ म्हणून चिकटवू नका. नाहीतर चाचणी चुकीचीच राखण करत बसते. आणि कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर ती आपोआप चालेल, अशी सोय करा.