अर्ध्या आण्यावरचा गेटवे

बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. गादीवर असताना हिंदुस्थानात आलेला हा पहिलाच ब्रिटिश राजा. १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात संस्थानिकांनी एकेक करून त्याला मुजरा केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरबारी शिरस्ता पुरता पाळला नाही, असा ठपका ठेवून लंडनच्या वृत्तपत्रांनी गदारोळ उठवला. दोन राजांची हीच भेट इतिहासात अधिक लक्षात राहिली.

टपाल तिकिटावर मात्र स्मारक आले ते बंदरावरच्या आगमनाचे. स्वागताच्या वेळी तिथे कायमची कमान नव्हती. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली २६ मीटर उंचीची ही वास्तू ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मे १९३५ मध्ये सात तिकिटांचा संच निघाला. त्यातल्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर राजाच्या चेहऱ्यासोबत गेटवे आहे. अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीन आण्यांवर सुवर्णमंदिर, तर आठ आण्यांवर मंडालेचा पॅगोडा, कारण ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोडत होता. संचाची छपाई महाराष्ट्रातलीच, नाशिकच्या सरकारी छापखान्यातली. रुपयाला सोळा आणे, म्हणजे एका रुपयात गेटवेची बत्तीस तिकिटे येत.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून मायदेशी परतली.