हरत आलेला डाव

वजीर पटावरून उतरले की बघ्यांची पांगापांग सुरू होते. आमच्या नंदनवनात संध्याकाळी निवृत्त मंडळींचे दोन-तीन पट मांडले जातात, तिथेही हेच. एकाचे प्यादे कमी झालेले दिसले की शेजारी उभा असलेला म्हणतो, "आता काय राह्यलं बाप्पा याच्यात?" आणि पिशवी उचलून भाजीला निघतो. माझे मत अगदी उलटे आहे. डावाची खरी गोडी तिथून पुढे असते, आणि तीही ज्याचे प्यादे कमी आहे त्याच्या बाजूने पाहिले तर जास्त.

मी नोकरीचे आयुष्य बँकेत काढले. कर्जखाते थकले की अधिकारी दोन प्रकारचे निघत. एक जण तारणाची कागदपत्रे तिजोरीत सुरक्षित आहेत ना, एवढे पाहून खुर्चीत स्वस्थ बसे. दुसरा उन्हातान्हात कर्जदाराच्या दुकानात जाऊन बसे, माल किती, गिऱ्हाईक किती, सगळे पाही. वसुली बहुधा या दुसऱ्याचीच होई. पटावरचा हत्तीही याच दोन प्रकारांत मोडतो. एखादे अडकलेले प्यादे राखायला मागे उभा केलेला हत्ती म्हणजे नुसता चौकीदार. तो हलला की प्यादे गेले, म्हणून तो हलत नाही. आणि तो हलत नाही म्हणून प्रतिस्पर्ध्याचा राजा सावकाश चालत पुढे येतो. अशा वेळी जाणते खेळाडू मन घट्ट करून ते प्यादे सोडून देतात. हत्ती मोकळा होतो, शत्रूच्या प्याद्यांच्या पिछाडीला जातो, तिथून राजाला शहावर शह देतो. हिशेबात एकाऐवजी दोन प्यादी कमी दिसतात, पण आता घाम समोरच्याला फुटलेला असतो.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांकाने तार्ताकोव्हरविरुद्ध हेच केले. त्याने दोन प्यादी, तीही शहासकट, मारू दिली आणि आपला राजा थेट शत्रूच्या गोटात चालवत नेला. डाव त्यानेच जिंकला. अर्थात तो कापाब्लांका होता, आणि तो काही हरत आलेला नव्हता.

हरत आलेल्याची गोष्ट हवी असेल तर घरातला पट काढा. फक्त चार सोंगट्या मांडायच्या. पांढरा राजा एच-८ या कोपऱ्यात, पांढरे प्यादे सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, काळे प्यादे एच-५ वर. चाल पांढऱ्याची. १९२१ साली प्रसिद्ध झालेली ही रिचर्ड रेटीची रचना आहे. काळे प्यादे चार चालींत वजीर होणार. पांढरा राजा त्याच्या मागे धावला तर दोन चाली कमी पडतात. उलट पांढरे प्यादे काळ्या राजाच्या तोंडाशी; दोन चालींत तो ते मारतो. डाव गेला, असे कोणीही म्हणेल.

पण राजा सरळ खाली धावतच नाही. तो तिरका निघतो: जी-७, मग एफ-६, मग ई-५. पटावर तिरक्या वाटेनेही तितक्याच चाली लागतात, ही यातली मेख. प्रत्येक पावलाला तो काळ्या प्याद्याच्याही जवळ येतो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळ्याने प्यादे पुढे रेटले तर पांढरा राजा डी-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला सांभाळतो आणि दोघांचेही वजीर होतात. काळ्याने थांबून पांढरे प्यादे मारले तर तेवढ्या वेळात राजा एफ-४ वर येतो आणि काळे प्यादे पकडतो. दोन्हीकडे बरोबरी. एकट्या राजाने दोन कामे एका फेरीत उरकली. घरोघरच्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

याची दुसरी बाजू १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला दिसली. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. डिंग लिरेनजवळ गुकेशपेक्षा एक प्यादे कमी, पण दोघांकडे एक हत्ती, एक उंट. नेटाने खेळले तर बरोबरी ठरलेली. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर ठेवून हत्तींची अदलाबदल मागितली. त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात उभा होता. हत्ती पटावरून जाताच गुकेशने आपला उंट डी-५ वर आणून त्याच्यासमोर उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला पळायला दुसरे घरच नव्हते. उंटही गेले, उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जादा प्यादे पुरेसे होते. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगने डाव सोडला. प्यादे कमी असताना आपण प्यादी मारामारीत संपवावीत, मोठ्या सोंगट्या मात्र राखाव्यात, हा जुना नियम आहे. थकलेल्या माणसाला नेमकी उलटी घाई होते. एकदाचा पट मोकळा व्हावा, असे त्याला वाटते.

आमच्या ओळीतला एक दहा वर्षांचा मुलगा तर ही घाईही करीत नाही. तो सरळ डाव सोडतो. घरी संगणकावर सराव करताना बाजूला आकडा दिसतो. उणे तीन दिसले की याने हात वर केलेच! तो आकडा खोटा नसतो, पण समोरच्याने प्रत्येक चाल अचूक खेळली तर, अशी त्याच्या पोटात अट असते. समोरचाही दहा वर्षांचाच असतो, हे यंत्राला कुठून ठाऊक? वडील वैतागून म्हणाले, याचा क्लास पुढच्या महिन्यापासून बंद.

त्याला मी आपल्या नागपूरच्याच दिव्या देशमुखचे सांगितले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एकोणीस वर्षांची दिव्या त्या विजयाने ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. मुलाला हे सगळे पाठच होते. त्याआधी उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीविरुद्ध दुसरा डाव जिंकायला तिला किती चाली लागल्या, हे मात्र ठाऊक नव्हते. "एकशे एक," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

परवाच्या रविवारी तो ओट्यावर आमच्यातल्या एका पेन्शनरशी खेळत होता. दोन प्यादी गेलेली. हात वर जातोय असे वाटले, पण तो हत्तीवर गेला, आणि हत्ती आजोबांच्या प्याद्यांच्या पिछाडीला. भाजीला निघालेले आमचे शेजारी पिशवी घेऊन परत उभे राहिले. डाव शेवटी मुलगा हरलाच, पण एकसष्टाव्या चालीला. आणि आजोबांचा चहा तोवर दोनदा गरम करावा लागला.