लिस्टेरिया : थंडीस न भिणारा जंतु

अन्न थंड ठेविलें म्हणजे तें निर्धोक झालें, अशी समजूत अलीकडे घरोघर रूढ झाली आहे. ज्यास आपण फ्रिज म्हणतों तें शीतकपाट घरांत आल्यापासून कालची उसळ, चिरून ठेविलेला कोबी, उघडलेलें चीज यांना त्यांत आठ आठ दिवस आश्रय मिळूं लागला. थंडींत बहुतेक जंतूंची वाढ मंदावते हें खरें. परंतु 'लिस्टेरिया मोनोसायटोजेनेस' नांवाचा जंतु असा आहे कीं, इतर जंतु जेथें गारठून बसतात तेथें तो सावकाश वाढत राहतो. शिवाय तो ज्यांच्यावर विशेषेंकरून घाला घालतो तीं घरांतील सर्वांत जपावयाचीं माणसें होत : गर्भवती सून वा लेक, नुकतें जन्मलेलें मूल आणि वृद्ध मंडळी. म्हणून या जंतूची ओळख सुशिक्षित कुटुंबांस करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

इंग्लंडांत केंब्रिज येथील प्रयोगशाळेंत पाळलेले ससे अकस्मात् मरूं लागले, तेव्हां मरे, वेब व स्वॉन या तिघांनीं त्याचें कारण शोधून १९२६ सालीं या जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. आजारी सशांच्या रक्तांत 'मोनोसाइट' जातीच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या, म्हणून 'मोनोसायटोजेनेस' हें विशेषण. पुढच्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत पिरी यांस रानउंदरांत तोच जंतु आढळला. शस्त्रक्रियेंत जंतुनाशक औषधें वापरण्याची प्रथा पाडणारे जोसेफ लिस्टर यांच्या गौरवार्थ पिरी यांनीं जंतूस त्यांचें नांव दिलें. 'लिस्टेरिया' हें आजचें रूप १९४० सालचें आहे.

हा रोग अन्नांतून पसरतो, याचा भक्कम पुरावा मात्र १९८१ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत मिळाला. तेथें नोंदलेल्या ४१ रुग्णप्रकरणांपैकीं ३४ प्रकरणें गर्भवती स्त्रिया व त्यांचीं अर्भकें यांचीं होतीं. शोधाअंतीं कारण निघालें कच्च्या कोबीची कोशिंबीर! कोबीच्या शेतांत मेंढ्यांच्या लेंड्यांचें खत घातलेलें होतें. त्या कळपांतील दोन मेंढ्या याच रोगानें मेल्या होत्या. तो कोबी सारा हिवाळा थंड कोठारांत ठेविलेला होता. थंडीनें कोबी टिकविला, तसाच जंतुहि वाढूं दिला.

आतां हा जंतु शरीरांत शिरतो कसा तें पाहूं. अन्नाबरोबर गिळलेला जंतु जठरांतील आम्लांतून वांचला, तर आंतड्यांत उतरतो. आंतड्याच्या अस्तराच्या पेशी 'ई-कॅढेरिन' नांवाच्या प्रथिनानें एकमेकींस बिलगलेल्या असतात. जंतूच्या अंगावर 'इंटर्नॅलिन' नांवाचें प्रथिन असतें. तें ई-कॅढेरिनाशीं कुलपांत किल्ली बसावी तसें जुळतें आणि पेशी फसून आपण होऊनच शत्रूस पोटांत घेते. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमधील पास्काल कोसार या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं या किल्लीचा आणि १९९६ सालीं कुलपाचा छडा लाविला. उंदराच्या ई-कॅढेरिनांत नेमक्या ठिकाणीं एकच अमिनो आम्ल निराळें असतें, म्हणून तेथें ही किल्ली चालत नाहीं. एका कणाच्या फरकानें उंदराचें दार मिटलेलें आणि मनुष्याचें उघडें, असा हा प्रकार आहे.

आंत शिरलेला जंतु प्रथम एका पातळ पिशवींत कोंडला जातो. तेथेंच त्याचा अंत व्हावयाचा. परंतु 'लिस्टेरिओलायसिन' नांवाचें द्रव्य सोडून तो पिशवीस भोंकें पाडतो व निसटतो. हें द्रव्य पिशवींतील आम्लांत जोमानें काम करतें व बाहेर मंदावतें, म्हणून खुद्द पेशी फुटत नाहीं व जंतूचा आसरा शाबूत राहतो. पुढें तर तो यजमानाचेंच सामान वापरतो. पेशीस आकार देणारे 'ॲक्टिन' प्रथिनाचे धागे तो आपल्या पाठीमागें रचवून घेतो. सूक्ष्मदर्शकाखालीं ते धूमकेतूच्या शेपटीसारखे दिसतात. त्यांच्या रेट्यानें तो पुढें ढकलला जाऊन शेजारच्या पेशींत घुसतो. वाड्यांत शिरलेल्या चोरानें अंगणांत न येतां आंतल्या भिंती फोडीत खोलीमागून खोली गांठावी, तसेंच हें होय. रक्तांत पहारा करणाऱ्या प्रतिपिंडांची व त्याची गांठच पडत नाहीं. बिघडलेली पेशीच नष्ट करणाऱ्या 'टी' पेशी त्याचा बंदोबस्त करूं शकतात. पण वार्धक्यांत व गर्भारपणांत त्यांचा जोर उणा असतो.

त्यामुळें निरोगी तरुणास थोडा ताप व जुलाब होऊन सुटका होते, तर वृद्धांस मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन प्राणावर बेततें. गर्भवतीस स्वतःला केवळ अंगदुखी व किरकोळ ताप येतो, पण जंतु वारेंतून गर्भापर्यंत पोंचून गर्भपात होतो, किंवा मूल मृत वा अत्यवस्थ जन्मतें. अन्न खाल्ल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कित्येक आठवडेहि जातात, म्हणून दोष कशाचा हें सहसा उमगत नाहीं. २०१७-१८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत 'पोलोनी' नांवाच्या तयार मांसपदार्थांतून ही सांथ पसरली, तेव्हां हजारावर लोक आजारी पडले व दोनशेंहून अधिक दगावले.

उपाय मात्र घरच्या चुलीवरच आहे. उष्णतेपुढें हा जंतु टिकत नाहीं. दूध तापविल्यावांचून वापरावयाचें नाहीं, ही आपल्याकडील गृहिणींची जुनी शिस्त येथें पुरेपूर उपयोगी पडते. गर्भवतीस कच्च्या दुधाचें मऊ चीज देऊं नये. कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्यानें धुवून आयत्या वेळीं चिरावी. उरलेलें अन्न एक-दोन दिवसांत संपवावें आणि तें नुसतें कोमट न करतां आंतपर्यंत वाफा येईतों तापवावें. शीतकपाट वरचेवर पुसून स्वच्छ ठेवावें. गर्भवतीस कारणावांचून ताप आला, तर काढ्यावर भागवूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. 'ॲम्पिसिलिन' हें औषध वेळीं मिळाल्यास पुष्कळदां बाळ बचावतें.

शीतकपाट अन्न टिकवितें, शुद्ध करीत नाहीं. तें काम अग्नीचेंच. एवढा भेद घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेविला, तरी पुष्कळ झालें.