जुन्या संगणकावर लिनक्स, भाग ४ : फाईल टाकली, पण सुरू होईना

गेल्या आठवड्यात लिनक्स मिंटची आयसो फाईल उतरवून घेण्यापर्यंत आपण आलो होतो. त्यानंतर भडगावच्या एका वाचकाचा निरोप आला, तो त्याच्याच अहिराणीत देतो : “फाईल टाकी दिन्ही भो, पन सुरू व्हत नही.” पेन ड्राइव्ह लावला, फाईल कॉपी करून त्यात चिकटवली, संगणक बंद करून चालू केला आणि समोर पुन्हा तीच जुनी विंडोज. तक्रार अगदी रास्त आहे. गाणी, सिनेमे, लग्नाचे फोटो हे सगळं कॉपी केलं की पेन ड्राइव्हवरून चालतं, मग हीच फाईल का चालू नये?

बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय घडतं, त्यात याचं उत्तर आहे. त्या वेळी विंडोजही जागी नसते आणि लिनक्सही नसतं. जागा असतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. रॅम, कीबोर्ड, पडदा तपासून झाला की तो नेमून दिलेल्या क्रमाने डिस्का धुंडाळतो. बायोसचं ज्ञान फारच तोकडं. तो डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचतो, त्यांच्या शेवटी ठरलेली खूण सापडली तर तिथला प्रोग्राम चालवतो आणि स्वतः बाजूला होतो. यूईएफआय थोडा शिकलेला आहे. त्याला फॅट प्रकारची फाईल-मांडणी वाचता येते. तो ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर शोधतो, त्यातलं ‘बूट’ फोल्डर उघडतो आणि तिथली ठरलेल्या नावाची फाईल चालवतो. तुम्ही चिकटवलेली आयसो या दोघांच्याही दृष्टीने एक भलीमोठी बंद फाईल असते. ती उघडून आत डोकावायचं काम त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आयसो म्हणजे एका अख्ख्या सीडी-डीव्हीडीची हुबेहूब प्रत. सीडीवरून संगणक सुरू करायची रीत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवून दिली. आपल्याकडे लिनक्स पोचलं ते त्याच वाटेने : ‘पीसीक्वेस्ट’ किंवा ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत आलेल्या सीड्या, आणि २००५ पासून काही वर्षं उबुंटू टपालाने फुकट पाठवत असे ती पाकिटं. महिन्याला काही रुपयांचं डायल-अप असलेल्या गावात सातशे एमबी उतरवणं ही कल्पनाच करवत नव्हती, त्यामुळे पोस्टमननेच लिनक्स आणून दिलं म्हणायला हरकत नाही. पुढे लॅपटॉपमधला सीडी ड्राइव्हच गेला. मग ‘सिसलिनक्स’ प्रकल्पातल्या मंडळींनी आयसोच्या सुरुवातीला हार्ड डिस्कसारखी दिसणारी नोंदही बसवायची युक्ती काढली. तेव्हापासून तीच प्रत सीडीवर जाळली तरी चालते आणि पेन ड्राइव्हवर उतरवली तरी. मात्र उतरवायची म्हणजे फाईल म्हणून ठेवायची नाही. पेन ड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून ती प्रत लिहायची.

जाणकार वाचक इथे हरकत घेतील. नव्या यूईएफआय यंत्रावर आयसो उघडून तिच्या आतल्या सगळ्या फाइली फॅट३२ पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या तर पुष्कळदा काम होतं, हे खरं आहे. पण फॅट३२ला ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल पेलत नाही आणि जुन्या बायोसवर हा उपाय चालत नाही. आपल्या लेखमालेतली यंत्रं जुनीच आहेत.

उतरवलेल्या फाईलबद्दल आधी दोन शब्द. मिंटची आयसो पावणेतीन जीबीच्या आसपास असते आणि मोबाइलचा रोजचा डेटा बहुतेकांचा दीड-दोन जीबीचा. म्हणजे डाउनलोड मध्येच तुटणार, हे धरूनच चाला. ब्राउझरपेक्षा टॉरंट बरं. ते दुसऱ्या दिवशी राहिलेल्या ठिकाणापासून पुढे चालतं आणि प्रत्येक तुकडा स्वतः तपासूनही घेतं. ब्राउझरनेच उतरवली असेल तर तपासणी तुम्हाला करावी लागेल. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक आयसोसाठी ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते, तिला एसएचए२५६ म्हणतात. तुमच्याकडे सेव्हन-झिप असेल तर फाईलवर उजवं बटण दाबून तीच ओळ काढता येते. कापसाची गाडी घरच्या काट्यावर एकदा आणि जिनिंगच्या काट्यावर एकदा मोजतात, तसाच हा प्रकार, फक्त हा काटा फार काटेकोर आहे. पावणेतीन जीबीतला एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळच वेगळी येते. ‘इन्स्टॉल होता होता मध्येच अडकलं’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग दोष लिनक्सला देतात.

आता लिहिणं. विंडोजवर रूफस नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम आहे, तो मला सगळ्यांत पसंत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा शेतीची कागदपत्रं, सातबाराच्या पीडीएफ, पोरांचे फोटो आधी दुसरीकडे हलवा. रूफसमध्ये वरच्या चौकटीत पेन ड्राइव्ह, खाली आयसो. २०१२ च्या आधीचा संगणक असेल तर विभाजनाचा प्रकार एमबीआर ठेवा. ‘स्टार्ट’ दाबल्यावर तो विचारतो, आयसो पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने? आधी पहिली. ती चालली नाही, तर दुसरी.

या सगळ्या खटाटोपात धोका खरं तर एकाच ठिकाणी आहे, आणि तो लिनक्सचा नाहीच : चुकीची डिस्क निवडणं. रूफस हार्ड डिस्का यादीत दाखवतच नाही, त्यामुळे तो बराच सुरक्षित. पण आधीच लिनक्स असलेल्या मित्राच्या संगणकावर ‘डीडी’ आज्ञेने लिहिणार असाल, तर ती काहीही विचारत नाही. एका अक्षराची चूक झाली की घरची हार्ड डिस्क पुसायला निमूटपणे सुरुवात करते. म्हणून डिस्कची साइज बघूनच ओळख पटवा : ५०० जीबीचा पेन ड्राइव्ह तुमच्याकडे नाही, हे तुम्हाला ठाऊक असतं. शंका असेल तर बाकीचे सगळे यूएसबी काढून ठेवा. आणि लिहिण्यासाठी लॅपटॉप वापरा, किंवा इन्व्हर्टरवर चालणारा डेस्कटॉप. लिहिताना मध्येच लाइट गेली तर पेन ड्राइव्ह बिघडत नाही, पण अर्धवट प्रत घेऊन तुम्ही तासभर बायोसशी भांडत बसाल. पट्टी पूर्ण भरल्यावरही ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका.

निरोप धाडणाऱ्या वाचकासाठी एक खास सोय आहे. व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर एकदाच बसवायचा. नंतर त्यात हव्या तितक्या आयसो फाइली साध्या कॉपी करायच्या. संगणक सुरू करताना तो त्यांची यादी दाखवतो आणि निवडलेली उघडतो. म्हणजे त्याने जे केलं होतं, तेच चालतं! दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्यांनी हाच वापरावा. घरी एकदाच करणाऱ्याला मात्र रूफस सोपा.

पेन ड्राइव्ह तयार झाला की विंडोजमधून ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज १० आणि ११ नुसत्या शट डाउनने पूर्ण बंद होत नाहीत, थोड्या झोपेत राहतात. पडदा उजळताच बूट मेनूचं बटण टिचकवत राहा : डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९, असुसमध्ये एस्केप किंवा एफ८. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला यूट्यूबवर सर्रास मिळतो. मिंट आणि उबुंटूला त्याची गरज सहसा नसते. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर असेल तर ही सेटिंग बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागते, ती आधी लिहून ठेवा.

मिंट सुरू झाल्यावर लगेच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करायची घाई नको. पेन ड्राइव्हवरूनच ते चालवून पाहा. वाय-फाय पकडतंय का, प्रिंटर दिसतोय का, आवाज येतोय का, इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून मराठी टाइप होतंय का. हार्ड डिस्कला यात कुठेही हात लागत नाही. २ जीबी रॅमवर मिंट चालतं, ४ जीबीवर बरं चालतं. प्रोसेसर ३२ बिटांचा असेल तर मात्र मिंट सोडून द्या आणि डेबियनची १२वी आवृत्ती घ्या, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीने ३२ बिटांचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीही आहे, फक्त ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडा. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं उमटत नाहीत, म्हणून तिथल्या भाषांच्या यादीत मराठी दिसतच नाही.

आणि काही जणांना मी स्पष्टच सांगतो, विंडोज पुसू नका. श्रीलिपीवर लग्नपत्रिका लावणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे, यांची रोजीरोटी विंडोजच्याच प्रोग्रामांवर आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चं नेहमीचं फुकट सहाय्य संपलं, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचा आय३ आणि ४ जीबी रॅम असलेला, घरात अभ्यासापुरता ठेवलेला डेस्कटॉप भंगारात द्यायचं तेवढ्यावरून काही कारण नाही.

काम झाल्यावर डीडी पद्धतीने लिहिलेला पेन ड्राइव्ह पुन्हा विंडोजला लावला की ‘फॉरमॅट करा’ म्हणून ती ओरडते, किंवा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह चारच एमबीचा दाखवते. पेन ड्राइव्ह खराब झालेला नाही. विंडोजला लिनक्सची मांडणी ओळखता येत नाही, इतकंच. रूफस पुन्हा उघडा, आयसोऐवजी ‘नॉन बूटेबल’ निवडा आणि ‘स्टार्ट’ दाबा, तो पूर्ववत होतो. पण हे आताच करू नका. पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कचे भाग पाडताना हाच पेन ड्राइव्ह लागणार आहे.